शरदभावजी कॉक विसरायचे

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या खालून एक आवाज यायचा. आधी जीप चालू झाल्याची घरघर, मग बॉनेटखाली पट्टा फिरू लागल्याची, आणि पाठोपाठ गाडीच्या पोटाखालून लांबलचक फुस्स… तो ऐकला की तिसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेले आमचे हे कपाळाला आठ्या घालायचे. “याने कॉक परत उघडा ठेवला,” असं म्हणायचे आणि जिना उतरू लागायचे. कॉक म्हणजे जीपखाली बसवलेल्या हवेच्या टाकीचा तळाचा कॉक. आणि तो विसरणारे म्हणजे यांचे धाकटे भाऊ, माझे दीर, शरदभावजी. इतकी वर्षं हा आवाज दर रविवारी आला, त्यामुळे तो कधी येणार नाही असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या रविवारी आवाज आला नाही. हे कॅनव्हासचे बूट घालून, नाड्या बांधून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. मधूनच कठड्यावरून वाकून खाली बघत होते. जीप आपल्या जागेवर होती, ताडपत्रीसुद्धा काढलेली नव्हती. “झोपलाय वाटतं अजून. जरा बघून ये गं,” हे म्हणाले. भावजी तळमजल्यावर एकटे राहायचे, त्यांच्या घराची दुसरी किल्ली आमच्याकडे असायची. मी उतरले, दार उघडलं… कुशीवर वळून, हात उशीखाली घेऊन पडले होते. समोरचे डॉक्टर धावत आले, त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, झोपेतच गेलेत. मग मी जिना चढायला लागले. तो जिना मी आयुष्यभर चढले असेन, पण त्या दिवशी तो संपूच नये असं वाटलं. हे दारातच उभे होते, टोपी हातात. “उठला का?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातातली टोपी काढून घेतली. ते आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर खाली बसले.

माणूस गेला की त्याला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याकडे घाई असते. शरदभावजींना मी बसवणार नाही, त्यांना तिथे करमायचंच नाही. त्यांच्या हाताला कायम ग्रीस लागलेलं, आणि ते पुसायला नेमका माझा चांगला टॉवेल लागायचा. माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या दोन वाट्या नटबोल्टसाठी गेल्या त्या गेल्याच. “जेवायला या” म्हटलं की “हा काय, आलोच” म्हणायचे आणि पोळ्या गार झाल्यावर उगवायचे. पण उगवले की घर भरून जायचं हेही खरं. पहिला घास घ्यायच्या आधी “वहिनी, आज काय केलंय, वास खालपर्यंत येतोय” असं न चुकता म्हणायचे, मग ती साधी मुगाची उसळ का असेना. आता पोळ्या वेळेवर संपतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

आमच्या सासूबाईंनी मुलांची नावं ऋतूंवरून ठेवली. थोरला वसंत, धाकटा शरद. मधे एक वर्षा हवी होती, ती काही झाली नाही, असं त्या हसून सांगायच्या. घर मूळचं रत्नागिरीकडचं, मग परळची एक खोली, आणि ती सोडून भाईंदर. खारीगावच्या बाजूला या बिनालिफ्टच्या इमारतीत दोघा भावांनी दोन घरं घेतली, आम्ही वर आणि भावजी खाली. मी बँकेत, हे एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, भावजी टेलिफोन खात्यात. भावजींनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, “वहिनी, एक जीप सांभाळताना माझा जीव जातोय.” जीप नंतर आली, लग्नाचं वय त्याआधीच टळलं होतं, पण उत्तर कधी बदललं नाही.

ती जीप पहिल्यांदा गेटातून आत आली तेव्हा मी गॅलरीतूनच विचारलं होतं, “भावजी, बैल कुठे सोडलेत?” कापडी छप्पर, खिडक्यांना काचा नाहीत, आणि बसल्यावर कंबरेतलं हाड न् हाड आपापली ओळख सांगतं. पण दोघे भाऊ तिच्यावर लहान मुलांसारखे खूश. रविवारी सकाळी निघायचे, उत्तनला फिलोमिनामावशीकडून मासळी घ्यायची, आणि परतताना डोंगरीच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीकडे वळायचं. तिथे रस्ता नावापुरताच. मोठमोठे धोंडे, खड्डे, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. माणसं अशा रस्त्याला टाळतात, हे दोघे मुद्दाम शोधत जायचे. मी एकदाच गेले. परत आल्यावर म्हटलं, मला पापलेट घरपोच मिळू दे, खाण तुमची तुम्हाला लखलाभ.

त्या खाणीच्या तोंडाशी एक विधी असायचा. भावजी चारही चाकांतली बरीचशी हवा सोडून द्यायचे. हवा कमी असली की टायर पसरतो, दगडाला आणि चिखलाला धरून चालतो, हे मला त्यांनी पोळी लाटताना लाटण्यावर कणकेचा गोळा दाबून समजावलं होतं. पण मग डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती हवा परत भरावी लागते, नाही तर टायरची वाट लागते. ती भरायचं काम यांचं. पायाने दाबायचा जुना पंप, आणि हे बाह्या वर करून एकेक चाक भरणार. भावजींनी पुढे होऊन पाहिलं तर हे हात झटकायचे. “तू चालव. हवा माझी.” वाटणी ठरलेली होती. एकाने हवा सोडायची, दुसऱ्याने भरायची, आणि घामाघूम होऊन रस्त्याकडेच्या टपरीवर दोघांनी चहा प्यायचा. या वाटणीत मला काही विशेष दिसलं नव्हतं. पुरुषांना रविवारी घराबाहेर राहायला काहीतरी निमित्त लागतं, एवढंच मी म्हणायचे.

मग यांची बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर चांगले होते, टाके चांगले भरले. फक्त माणूस परत आला नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले असायचे, हात छातीवर, जणू आतलं काही सांडेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “जड उचलू नका, जोर लावू नका, पण जिने चढा-उतरा. तेच तुमचं औषध आहे.” हे गोळ्या घड्याळ लावून घ्यायचे आणि नेमकं ते औषध चुकवायचे. भावजींनी महिन्या-दोन महिन्यांनी कसंबसं यांना जीपमध्ये बसवलं आणि खाणीकडे नेलं. रात्री जेवताना हे म्हणाले, “मी नाही येणार यापुढे. हा पंप मारतोय आणि मी गाडीत बसून बघतोय. मी काय पाहुणा आहे?” भावजींनी ताटातले माशाचे काटे वेचत वेचत मान खाली घातली. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. मलाही भीती वाटत होती, ती अशी की हा माणूस त्या खुर्चीतच म्हातारा होणार आणि तिथेच संपणार.

भावजी गप्प बसणारे नव्हतेच. आधी त्यांनी एक छोटा पंप आणला, गाडीत सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसली की चालणारा. हे त्याला “खेळणं” म्हणाले. ते खेळणं दोन चाकं भरेपर्यंत तापलं आणि धूर सोडून शांत झालं, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. मग एके संध्याकाळी भावजी फळ्यांच्या खोक्यात एक लोखंडी धूड घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर आले आणि ते माझ्या डायनिंग टेबलवर ठेवलं. खाली पेपरसुद्धा पसरला नाही.

“हे काय?” मी विचारलं.

“कॉम्प्रेसर. जुन्या गाडीच्या एसीचा आहे, भंगारात मिळाला. हा इंजिनाला जोडायचा. इंजिन फिरलं की हा फिरणार, हा हवा दाबणार, गाडीखाली टाकीत साठवणार. मागे पाइप लावला की चाक भरलं.” मग यांच्याकडे न बघता म्हणाले, “दादा, याला ब्रॅकेट बनवायला लागेल. मी मापं घेतलीयत, बशीरभाईंकडून उद्या वेल्डिंग करून घेतोय.”

“ड्रॉइंग काढलंस?” हे खुर्चीतून म्हणाले.

“त्याला कशाला ड्रॉइंग पाहिजे? अंदाज आहे मला.”

ज्या माणसाने पस्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीचं टोक कोरण्यात घालवली, त्याच्यासमोर हे बोलायला धाडस लागतं. हे नुसतं “हं” म्हणाले. आमच्या घरात “हं” ही शिवी आहे.

बशीरभाईंचा वेल्डिंगचा गाळा स्टेशनच्या पूर्वेला. त्यांनी ते धूड बघून भावजींना विचारलं होतं म्हणे, “साब, ये तो ठंडी हवा का है, इससे टायर कैसे फुलाओगे?” भावजी म्हणाले, “हवा हवा होती है, बशीरभाई.” आता वस्तुस्थिती अशी की भावजींचा अंदाज खरोखरच चुकला. खोटं नाही, मनापासून चुकला. ब्रॅकेट बसलं, पट्टा चढवला, जीप चालू केली, आणि इमारतीच्या खालून असा काही चीत्कार उठला की समोरच्या कबुतरखान्यातली कबुतरं उडाली. पट्टा एका सरळ रेषेत धावत नव्हता. दोन पुल्या थोड्या मागेपुढे होत्या, आणि पट्टा कडेला घासून किंचाळत होता. भावजींनी बंद केलं, काहीतरी ठोकलं, परत चालू केलं. परत किंचाळी. मी कानात बोटं घातली. हे खुर्चीतून उठले, गॅलरीत गेले, आणि कठड्याला धरून ओरडले, “शऱ्या, बंद कर ते. पुल्या एका लायनीत नाहीत.”

“आहेत रे,” खालून आवाज.

“नाहीत म्हणतोय ना. सरळ पट्टी लावून बघ.”

“पट्टी नाही माझ्याकडे.”

हे आत आले, टेबलाच्या खणातून त्यांची जुनी स्टीलची पट्टी काढली, चप्पल घातली, आणि निघाले. मी दारात उभी राहून जिन्यावरची त्यांची पावलं ऐकत होते. प्रत्येक मजल्यावर थांबले. पण उतरले. खाली वाकून बॉनेटमध्ये डोकं घातलेले दोन भाऊ मी वरून पाहिले, आणि स्वयंपाकघरात जाऊन, कुकर लावायच्या निमित्ताने, थोडी रडून घेतली.

त्यानंतर आमचं डायनिंग टेबल गेलं ते कित्येक महिने. त्याच्यावर ड्रॉइंग बोर्ड आला. ब्रॅकेटचं समोरून, बाजूने, वरून दिसणारं रूप यांनी असं काढलं की ते मंगळसूत्रासारखं तिजोरीत ठेवावं. भावजी खालून माप घेऊन यायचे आणि हे त्यांना परत पाठवायचे, “नीट घे.” कधी भावजी सुतळीने माप घेऊन आले, कधी सरळ वितीने. यांचा संताप व्हायचा. “वितीने? शऱ्या, तू टेलिफोनच्या तारा काय डोळे मिटून जोडत होतास?” आणि परत पट्टी घेऊन हे खाली. मीही भावजींवर वैतागायचे. इतका हुशार माणूस, आणि इतका वेंधळा कसा? गरम हवेला साधा रबरी पाइप लावला, तो वितळला. टाकी जीपखाली बसवायला घेतली तर उलटी. प्रत्येक वेळी हे तीन मजले उतरायचे, बोलणी द्यायचे आणि चढून यायचे. हळूहळू त्यांचं मजल्यामजल्यावर थांबणं कमी झालं. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “छान. चालता वाटतं रोज?” हे म्हणाले, “चालतोय कसला, भावाच्या चुका निस्तरतोय.”

दसऱ्याला काम पुरं झालं. पूजा झाल्याशिवाय पहिल्यांदा चालवायचं नाही असं ठरलं. मी जीपच्या तोंडाला झेंडूचा मोठा हार घातला, चारही चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. भावजींना वाटलं, सगळं कौतुक जीपचं आणि नव्या पाहुण्याला काहीच नाही. म्हणून त्यांनी बॉनेट उघडून कॉम्प्रेसरलासुद्धा एक छोटा हार घातला. आणि आनंदाच्या भरात तो काढायचं दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. भावजींनी चावी फिरवली, यांनी डॅशबोर्डवरचं कॉम्प्रेसरचं लाल बटण दाबलं… पट्ट्याने हार ओढला, गरागरा फिरवला, आणि बॉनेटखालून झेंडूच्या पाकळ्यांचा असा फवारा उडाला की हे पांढऱ्या झब्ब्यासकट पिवळे झाले. काही पाकळ्या हवा ओढायच्या तोंडाशी जाऊन चिकटल्या आणि कॉम्प्रेसर दमेकऱ्यासारखा घुसमटायला लागला. आता यांचा पारा चढणार म्हणून मी पुढे झाले. तर हे चष्म्यावरची पाकळी काढत भावजींकडे बघून म्हणाले, “नवरदेव कोण आहे? मी की तो?” आणि हसायला लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, छातीवर हात न ठेवता, पोट धरून हसले. भावजी तर खालीच बसले. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई गॅलरीतून विचारत होत्या, “क्या हुआ भाभी, क्या हुआ?” काय झालं ते एका वाक्यात कसं सांगायचं?

पुढच्या रविवारी दोघे उत्तनला गेले. फिलोमिनामावशी टोपली पुढे करायच्या आधी यांना बघून म्हणाली म्हणे, “मोठा आयला गं बाय. मना वाटला, तुज्यात आता काय न्हाय.” ही तिची माया. खाणीच्या तोंडाशी भावजींनी हवा सोडली, आत फिरून आले, आणि परतताना यांनी मागे पाइप लावून चारही चाकं भरली. घाम नाही, जोर नाही. पण वाटणी तीच, हवा यांची. चहा पिऊन घरी आले तेव्हा यांच्या अंगाला डिझेलचा आणि माशाचा असा दुहेरी वास येत होता, आणि मी त्यांना आंघोळीला पिटाळताना मनातून फार सुखी होते.

आता तो कॉक. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि टाकीत साठतं. ते राहिलं तर टाकी आतून गंजते. म्हणून काम संपलं की तळाचा कॉक उघडायचा, पाणी निथळू द्यायचं, आणि पुन्हा चालू करायच्या आधी आठवणीने बंद करायचा. दांडी उभी म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. मलासुद्धा पाठ झालं होतं. भावजींच्या मात्र ते लक्षात राहायचं नाही. दर रविवारी उघड्या कॉकने बटण दाबायचे, टाकीत हवा ठरायची नाही, आणि फुस्स… हे चिडून खाली. कॉक बंद करणार, दोन शब्द सुनावणार, आणि “आता उतरलोच आहे तर” म्हणून जीपमध्ये बसणार.

एका रविवारी मी भाजी घेऊन गेटातून आत येत होते. भावजींची माझ्याकडे पाठ होती. ते जीपशेजारी उकिडवे बसले, खाली हात घातला, दांडी चाचपून बघितली. ती उभी होती. त्यांनी समाधानाने मान हलवली, ती तशीच ठेवली, आणि उठून चावी काढली.

“भावजी, तो उघडा आहे,” मी म्हटलं.

ते दचकले. मग गालातल्या गालात हसले. “माहितीये, वहिनी.”

“माहितीये?”

“बंद करून हाक मारली तर दादा वरूनच हात हलवतो. ‘आज तू जाऊन ये’ म्हणतो. केलंय करून मी. फुस्स ऐकला की त्याला बसवत नाही.” मग माझी पिशवी हातातून घेत हळूच म्हणाले, “बोलू नका हां त्याला. फार मानी आहे.”

तेव्हा मला ती सुतळी, ती वीत, ती उलटी टाकी, सगळं एकदम दिसलं. पहिलं ब्रॅकेट तेवढं खरं चुकलं होतं. त्याच चुकीने त्यांना शिकवलं की दादाला बोलावून चालत नाही, दादाला राग यावा लागतो. इतकी वर्षं हा माणूस आपल्या भावाकडून वेंधळा, धांदरट, बिनडोक अशी सगळी विशेषणं खुशाल ऐकून घेत होता, आणि त्या बदल्यात त्याला तीन मजले उतरवत होता. मी वर जाऊन भाजी निवडायला बसले. मेथीच्या जुडीतून मी पानं टाकली आणि देठ ठेवले असं यांनी दाखवून दिलं. कॉकचं मी यांना सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

भावजी गेल्यानंतर हे परत खुर्चीत गेले. या वेळी खुर्ची गॅलरीतसुद्धा नव्हती, आत, भिंतीकडे तोंड करून होती. गॅलरीचं दार बंद, कारण तिथून जीप दिसते. दाढी वाढली. दिवसकार्य झालं, लोक आले-गेले. पुण्याहून आलेली आमची मुलगी जाताना म्हणाली, “आई, जीप विकून टाक. बाबांना रोज ती बघायला नको.” तिचं चुकलं असं नाही. मी यांना विचारलं, ते “बघू” म्हणाले. जिना उतरणं तर सोडाच, दारापर्यंतसुद्धा येईनात. ज्याच्या छातीत काही दुखणं नव्हतं तो गेला आणि ज्याची छाती शिवून काढली तो राहिला, हे त्यांना सहन होत नव्हतं. मला परत तीच जुनी भीती वाटू लागली, आणि या वेळी खाली कुणी नव्हतं.

अशाच एका रविवारी मी सकाळी उठले, चहा केला, यांच्यासमोर ठेवला आणि जीपची चावी घेऊन खाली गेले. ताडपत्री ओढून काढली. टायर थोडे बसले होते. चालवता येत नाही मला, पण चालू कशी करायची ते भावजींनी शिकवलं होतं. वहिनी, गिअर मोकळा आहे ना बघा, क्लच दाबा, मग चावी. आधी मी उकिडवी बसले, गुडघ्यांनी तक्रार केली ती ऐकून घेतली, आणि खाली हात घातला. दांडी उभी होती.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटच्या रविवारी उत्तनहून परतल्यावर पाणी निथळायला भावजींनीच तो कॉक उघडला होता. त्यानंतर त्याला कुणाचा हात लागला नव्हता. माझी बोटं त्या दांडीवर होती, आणि मी ती मागे घेतली. भावजींनी जे ठेवलं होतं ते बरोबरच ठेवलं होतं.

जीप दोन-तीनदा खोकली आणि चालू झाली. मी लाल बटण दाबलं. फुस्स… मी वर बघितलं. गॅलरीचं दार बंद. फुस्स चालूच. सेक्रेटरीबाई दूध घेऊन परतत होत्या, त्या थांबल्या. “भाभी, कुछ लीक हो रहा है.” मी म्हटलं, “होने दो.” त्या माझ्याकडे बघत बघत निघून गेल्या. वर दाराची कडी वाजली. मग जिन्यावर पावलं. एकाही मजल्यावर थांबली नाहीत.

हे बाहेर आले. दाढी तशीच, सदरा चुरगळलेला, आणि पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या बांधलेल्या. वाकून नाड्या बांधायला यांना किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. आवाज ऐकल्यावर कुणी त्या बांधून इतक्या लवकर खाली येऊ शकत नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले, आणि मला आठवलं की या सगळ्या वर्षांत फुस्स ऐकून बूट शोधताना मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. बूट आधीच पायात असायचे.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“शऱ्या काय विसरणारा माणूस होता?” ते म्हणाले. “शाळेतली हजेरी पाठ होती त्याला.”

ते खाली बसले, हात आत घातला, दांडी धरली, आणि थबकले. इंजिन चालू होतं, हवा सुटत होती, आणि ते दांडीला धरून तसेच बसून होते. त्यांना काय कळलं ते मलाही कळलं. “हा त्याने…” ते म्हणाले. मी “हो” म्हटलं. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी दांडी आडवी केली. आवाज थांबला. टाकी भरत गेली तसा हवेचा दाब दाखवणारा काटा हळूहळू वर चढला.

त्यांनी चारही चाकं भरली, प्रत्येक चाक अंगठ्याने दाबून बघितलं. मग इंजिन बंद केलं, वाकून कॉक उघडला. उरलेली हवा गेली, आणि पाठोपाठ टाकीतलं पाणी थेंबथेंब फरशीवर पडलं. जीप विकायची की नाही याबद्दल आम्ही काही बोललो नाही. मी ताडपत्री घालायला घेतली आणि विचारलं, “पाणी निथळलं की बंद करून ठेवायचा का हा?”

“नको,” ते म्हणाले. त्यांनी खिशातून टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. “पुढच्या रविवारी तू आधी खाली ये. मी वर बसतो.”